पातळ घाल, परत ये

आईचं नाव लिहायला बीट कुणी उकडायचे, यावरूनच पहिली ठिणगी पडली. स्तेफाच्या चुलीवर सकाळपासून रस आटत होता, आणि दुपारची भांडी विसळून होतात न होतात तोच वेरावहिनी शालीत गुंडाळलेलं भलंमोठं पातेलं पोटाशी धरून दारात उभी राहिली.

“फोनवर बोलले होते ना तुला, रस मी आणते म्हणून?” बूट झटकता झटकता तिनं सुरुवात केली.

“तुमचा रस पांचट होतो, वहिनी. लेसिवांच्या म्हाताऱ्याचं नाव गेल्या खेपेला नाताळ यायच्या आत पुसट झालं.”

“तो माणूसच पुसट होता. त्याला माझे बीट काय करणार?”

स्तेफाला हसू आलं. तिनं पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं. बर्फावर एक नाव काढायला वाटीभर रस रग्गड होतो. वेराच्या पातेल्यात आईबरोबर आणखी कुणीतरी सहज मावलं असतं.

“एवढा कशाला आणलात?”

“सांडमांड होते,” वेरा म्हणाली आणि हातमोजे शोधायला लागली. हातमोजे तिच्या हातातच होते.

दोघी नणंदा-भावजया चाळीस वर्षं भांडत आल्या होत्या. एवढ्या भांडणांतून स्तेफाची एक गोष्ट पक्की झाली होती, ती म्हणजे वेराला धड खोटं बोलता येत नाही. तिनं आपल्या चुलीवरचं पातेलं उतरवलं, दोन्ही पातेली घसरगाडीवर ठेवली, आणि वाटभर ती एक शब्द बोलली नाही. वेराही बोलली नाही, हे जास्त वाईट होतं.

बर्फावरच्या हॉकीची रिंक गावाच्या टोकाला, रुळांच्या पलीकडे. तिच्या कमानदार तुळया स्तेफाच्या बाबांनी, ओलेक्सा दुचाकांनी, युद्ध संपल्यावर मोडीत निघालेल्या विमानांच्या शेडमधून आणल्या होत्या. ओल्हिव्का गावातले सगळे ट्रॅक्टर आणि उरलेसुरले घोडे त्या ओढायला लागले होते. बायकांनी दोन हिवाळे चर्चच्या तळघरात बटाट्याचं सारण भरलेले पिरोही लाटून विकले, त्यातून छताचा पत्रा आला. सरकारचा एक पैसा घेतला नाही, असं बाबा मरेपर्यंत सांगत. कुणी दिलाही नसता, असं आई त्यांच्यामागून सांगे. पुढे शेजारच्या गावांनी जमिनीखाली नळ्या घालून यंत्राचा बर्फ आणला, पण ओल्हिव्काला बर्फ द्यायचा तो थंडीनंच. थंडी आली तर हॉकी, नाहीतर चिखल. गेल्या उन्हाळ्यात इंजिनिअर आला, त्यानं एका तुळईत स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. हा एक हिवाळा काढा, छतावर बर्फ साचू देऊ नका, वसंतात पाडून टाका, एवढं सांगून तो गाडीत बसला. गावात कुणी वाद घातला नाही. शाळा आधीच बंद झाली होती, आणि खेळायला पोरं उरली होती ती एका गाडीत बसतील एवढी.

वेराचा नवरा, इगोरदादा, आत मधल्या वर्तुळापाशी केरसुणी घेऊन उभा होता. वयानं सहासष्ट, देहानं दांडगा, आणि गुडघे मात्र त्याच्याहून म्हातारे. त्याची मुलगी लारिसा कॅल्गरीहून खास आजच्यासाठी आली होती. शहरात शाळेत शिकवते, पण बर्फावर पाय ठेवला की अजून दुचाकांसारखी रुंद पावलं टाकते. कँटीनच्या खिडकीत वॉल्टर कॉफी उकळत होता. तो वीस वर्षं या गावाचा गोलकीपर होता आणि त्याच्या दातांची जागा बघून ते कुणालाही कळत असे.

“आलीस? पाणी तापलंय,” इगोर म्हणाला. “वॉल्टरनं बॉयलर कधीचाच पेटवलाय.”

स्तेफा वाकली आणि मोजा काढून तिनं उघडा तळवा बर्फावर टेकवला. बर्फ कोरडा होता, बोलका होता. बाबा गेल्यावर बर्फावर पाणी घालायची होज तिच्या हातात आली ती आजपर्यंत तिच्याच हातात राहिली होती. सॅस्काटूनच्या एका भल्या माणसानं तिला दोनदा मागणी घातली, आणि दोन्ही वेळा नोव्हेंबर होता. बर्फ घालायच्या दिवसांत मी कुठे येऊ, असं तिनं त्याला सांगितलं होतं. तिसऱ्यांदा त्यानं जुलैत विचारलं असतं तर काय झालं असतं, हा विचार तिच्या मनात अजून अधूनमधून येई.

ती उठली. “दादा, वहिनींनी पिंपभर रस का आणलाय?”

इगोरनं केरसुणी कठड्याला टेकवली. ती घसरून पडली. त्यानं ती उचलली आणि परत टेकवली.

“बोलायचंच होतं तुझ्याशी.”

“मग बोल की. केरसुणीशी काय खेळतोस?”

“लेव्कोचं नाव घालू या. आईच्या शेजारी.”

कँटीनमधली पळी वाजायची थांबली.

हे नाव घालणं ओल्हिव्कात कुठून आलं, ते दुचाकांच्या घरात लहानपणीच कळायचं. रिंक नव्हती तेव्हा पोरं रुळांमागच्या तळ्यावर खेळत. अंधार पडला की प्रत्येकाची आई दारात येऊन नावानं हाक मारी आणि तळ्यावरून “आलो” असं उत्तर येई. रिंकवर छप्पर चढलं त्याच साली लेसिवांचा धाकटा तापानं गेला. त्याच्या आईनं बिटाच्या रसानं त्याचं नाव बर्फावर लिहिलं, त्यावर पाणी घालायला लावलं, आणि दारात उभी राहून तळ्यावर मारायची तशीच हाक मारली. काय करावं ते कुणाला सुचेना. शेवटी त्या पोराचा थोरला भाऊ म्हणाला, “आलो.” तेव्हापासून वर्षभरात जो जाईल त्याचं नाव हिवाळ्याच्या पहिल्या बर्फात जातं, घरातली बाई हाक मारते, आणि घरातलंच कुणीतरी गेलेल्याच्या वतीनं “आलो” म्हणतं. मार्चपर्यंत सगळं गाव त्या नावांवरून स्केट्स घालून फिरतं. मग बर्फ वितळतो आणि नावं चरातून वाहत त्याच तळ्यात जातात. पण नाव घालायचं ते मेलेल्याचं. जिवंत माणसाचं नाव बर्फात घालणं म्हणजे त्याला आपल्या हातानं पुरणं.

“लेव्को मेलेला नाही,” स्तेफा म्हणाली.

“आपल्या भावाला घर सोडून चाळीस वर्षं झाली, स्तेफा.”

“चाळीस वर्षं तोंड दाखवलं नाही तो मेला म्हणायचा, तर पाव्हलोकाका टोरांटोत पेन्शन कुणाच्या नावावर खातो?”

“बायकोच्या!” वॉल्टर खिडकीतून ओरडला.

“वॉल्टर, तू कॉफी बघ,” वेरा म्हणाली.

“हा शेवटचा बर्फ आहे,” इगोर शांतपणे म्हणाला. तो शांत झाला की स्तेफाचं डोकं जास्त फिरे. “पुढच्या वर्षी नाव लिहायला ही जागाच असणार नाही. मग तो कुठे राहील? चर्चच्या मागे त्याचा दगड नाही. काही नाही.”

“नसू दे. आणि आला तर? ये बाबा, तुझं नाव आम्ही लिहिलंही आणि वितळवलंही, असं सांगायचं त्याला?”

“बाबा, आत्याला नको असेल तर नका ना,” लारिसा मध्ये पडली. ती स्तेफाच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि स्तेफाला बरं वाटलं. “आईचं नाव लिहायचा दिवस आहे आज. भांडायचा नाही. पण मला एक सांगा, काय झालं होतं नेमकं? मी दर वेळी निराळंच ऐकते. एकदा काय तर मुलीवरून, एकदा काय तर दारूवरून.”

“दारू?” स्तेफा उसळली. “कोण म्हणालं दारू?”

वेरानं पातेल्याचं झाकण उगाच नीट बसवलं.

“नाच होता,” इगोर म्हणाला. “चर्चच्या हॉलमध्ये. मार्च महिना. दुसऱ्या दिवशी बेलमोर गावाशी शेवटचा सामना, आणि बर्फ घालायची पाळी लेव्कोची. वारा गरम सुटला होता. अशा हवेत पाण्याचा पातळ थर घालायचा, तो धरेपर्यंत थांबायचं, मग परत यायचं आणि दुसरा घालायचा. रात्रभर तेच.”

“पातळ घाल, परत ये,” लारिसा म्हणाली. आजोबांचं हे वाक्य घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. जेवणाच्या टेबलावर आंबट साय वाढतानासुद्धा ते म्हटलं जाई.

“त्यानं सगळं पाणी एकदम ओतलं आणि नाचायला गेला.”

“बावीस वर्षांचा होता तो,” स्तेफा म्हणाली. “बावीसाव्या वर्षी कोण परत येतं?”

“वरून पापडासारखा धरला आणि खाली पोकळ. सकाळी बघितलं तर आरशासारखा. कुणालाच कळलं नाही, बाबांनासुद्धा नाही. दुसऱ्या डावात बेलमोरच्या पोराचा पाय आत गेला.” इगोर थांबला. “हाड मोडल्याचा आवाज बाकांपर्यंत आला, लारिसा. बाबा कँटीनमध्ये गेले, तिथे सगळं गाव होतं, बेलमोरची माणसं होती. सगळ्यांसमोर म्हणाले, ज्याला परत यायचा कंटाळा आहे त्यानं इथे पुन्हा यायचंच नाही.”

“आणि रिंकची किल्ली कुणी काढून घेतली त्याच्याकडून?” स्तेफानं विचारलं.

इगोरनं मान वर केली नाही. “मी.”

“मी दारात होते,” स्तेफा लारिसाला म्हणाली. “त्याच्या अंगात जाकीट, हातात काही नाही. मी त्याचे स्केट्स द्यायला गेले तर म्हणाला, राहू दे खुंटीला. आलोच.”

सगळ्यांनी नकळत खुंट्यांकडे पाहिलं. खेळाडूंच्या खोलीच्या दारावर शेवटच्या खुंटीला ते अजून लटकत होते, काळे, जुन्या घाटाचे, पात्याला गंज नाही. दर शरदात स्तेफा ते उतरवून चामड्याला चरबी चोळी, पाती पुसून परत टांगून ठेवी. घर विकलं, गुरं विकली, आई वृद्धाश्रमात गेली. लेव्को आला तर कुठे येणार? त्याला ठाऊक असलेलं दुचाकांचं एवढंच दार उरलं होतं, आणि तेही आता पाडणार होते. रात्री अंथरुणात तिला रडू येई ते छतासाठी नव्हे, या खुंटीसाठी.

लारिसा हळूच म्हणाली, “आत्या, मग तर घालायलाच हवं असं वाटतंय मला. हे सगळं पडल्यावर त्याच्यासाठी काहीच उरणार नाही. निदान आजीच्या शेजारी…”

“तूसुद्धा?” स्तेफा तिच्यापासून दूर झाली. “छान. सगळे एका बाजूला व्हा. आई असती तर तुमच्या कुणाच्या हातात ब्रश पडला नसता! सहा जानेवारीची, आपल्या नाताळच्या आदल्या रात्रीची ताटं आठवतात ना? एक रिकामं ताट मेलेल्यांचं, आणि दुसरं लेव्कोचं. मरेपर्यंत वाढली आईनं. वृद्धाश्रमातल्या त्या एवढ्याशा टेबलावरसुद्धा दुसऱ्या ताटाला जागा नाही म्हटल्यावर स्वतःचं ताट मांडीवर घेतलं. आणि तिला जाऊन दहा महिने होत नाहीत तर तुम्ही तिच्या पोराला मारायला निघालात.”

“सांग इगोर,” वेरा म्हणाली.

“वेरा…”

“सांग. नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलं तर नीट नाही सांगितलं जाणार.”

इगोर बाकावर बसला. बसताना गुडघा कटकन वाजला. मोठा माणूस बाकावर बसला की लहान दिसतो, आणि तो आज फारच लहान दिसला.

“बाबा गेले त्यानंतर काही वर्षांनी मी व्हँकूव्हरला गेलो होतो. अठरा वर्षं झाली त्याला. धान्यवाल्यांच्या सभेला. आठवतं?”

“मला डबाभर खारवलेला मासा आणला होतास. त्याचं काय?”

“सभा दोन दिवसांची होती. उरलेला आठवडा मी नद्यांच्या काठानं फिरत होतो. लाकूडतोड्यांच्या गावांतून. कुणीतरी सांगितलं होतं, तिकडे एक दुचाक होता म्हणून.”

स्तेफाचे कान गरम झाले. बाहेर वजा अठरा होतं.

“होता,” इगोर म्हणाला. “नदीतून ओंडके वाहून न्यायच्या कामावर. ओंडके अडले की त्यांच्यावर चढून ते मोकळे करायचे. त्याच्याबरोबरचा एक म्हातारा फिनिश माणूस भेटला मला. म्हणाला, तुमचा भाऊ ओंडक्यावरून चालायचा तो बर्फावरून चालल्यासारखा. नव्या पोरांना शिकवायचा. वरून घट्ट दिसतं म्हणून भरवसा ठेवू नका, असं दहादा सांगायचा.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “एकाहत्तर साली वसंतात ओंडके सुटले आणि तो खाली गेला. तिथे टेकडीवर लाकडी क्रॉस आहे. मी पाहिला. हातानं पाहिला, स्तेफा, अक्षरांवरून बोट फिरवून.”

वॉल्टरनं खिडकीचं फळकूट हळूच लावून घेतलं. 

“आईला?” स्तेफानं विचारलं. आपला आवाज इतका साधा येईल असं तिला वाटलं नव्हतं.

“परत आलो त्याच संध्याकाळी सांगितलं.”

“आणि मला?”

“आईनं शपथ घातली.”

स्तेफा बॉयलरच्या खोलीत गेली आणि दार आपटलं. तिथे ऊब होती, ओल्या लोखंडाचा वास होता, आणि बाबांनी खडूनं भिंतीवर काढलेला हसरा बटाटा होता. तो कुणी कधी पुसला नव्हता. ती उपड्या बादलीवर बसली. रडू येईना. अठरा वर्षं! अठरा शरद तिनं त्या स्केट्सना चरबी चोळली आणि हे तिघं बघत राहिले. जिला खोटं बोलता येत नाही ती वेरा अठरा वर्षं तिच्याशी बिटांवरून, पडद्यांवरून, पिरोहीतल्या कांद्यावरून भांडली आणि हे एवढं पोटात ठेवून बसली.

दार उघडलं. वेरा आत आली, दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहिली.

“मार मला हवं तर.”

“मला वेडी ठरवलंत तुम्ही.”

“नाही गं.”

“सगळ्या गावाला माहीत होतं?”

“कुणालाच नाही. आम्ही तिघंच. लारिसाला आत्ता कळलं.” वेरानं शाल सोडली, परत गुंडाळली. “त्या संध्याकाळी आई माझ्या स्वयंपाकघरात रडल्या. पोटभर रडल्या. मग तोंड धुतलं, केस बांधले आणि म्हणाल्या, स्तेफाला सांगायचं नाही. तिला त्याची वाट बघायची सवय झालीय, ती सवय गेली तर ती उभी राहायची नाही. दुसरं ताट मी वाढत राहीन.”

“म्हणजे ते ताट लेव्कोचं नव्हतं.”

“अठरा वर्षं ते तुझंच होतं.”

स्तेफा उठली, बसली. “वहिनी, मी आईसाठी वाट बघत होते! कळतंय का तुम्हाला? मला मधेच कधीतरी वाटायला लागलं होतं की तो नाही येणार आता. खरंच वाटायला लागलं होतं. पण आई ताट मांडायची. मी म्हणायचे, आईला आशा आहे, मी कशी सोडू? तो सॅस्काटूनचा माणूस… मी आईकडे बघून त्याला नाही म्हटलं. होज टाकून गेले तर आईला वाटेल मीही लेव्कोला सोडलं. आणि ती माझ्याकडे बघून ताट वाढत होती!” ती वेराकडे वळली. “तेव्हा माहीत होतं तुम्हाला. दोन्ही वेळा तो आला तेव्हा.”

“होतं.”

“आणि गप्प बसलात.”

“मी आईंना म्हटलं, आता तरी सांगा, पोरगी मोकळी होईल. त्या म्हणाल्या, आत्ता सांगितलं तर ती दुःखानं जाईल, हौसेनं जाऊ दे.” वेराचे डोळे भरले. “चुकल्या त्या. मीही चुकले. तू हौसेनं जाशील म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. सगळेच एकमेकांची वाट बघत राहिलो आणि तुझे केस पांढरे झाले.”

मग मात्र स्तेफाला रडू फुटलं. ती लेव्कोसाठी रडली, आणि आईसाठी, आणि लाजच वाटावी इतकं त्या सॅस्काटूनच्या माणसासाठी, ज्याचा चेहरा आता तिला नीट आठवतही नव्हता. वेरानं तिला जवळ घेतलं नाही. त्या दोघींची तशी रीत नव्हती. तिनं आपला रुमाल काढून बादलीच्या कडेवर ठेवला आणि बॉयलरचं तापमान पाहिल्यासारखं केलं.

बऱ्याच वेळानं स्तेफा नाक पुसून म्हणाली, “रस थिजला असेल.”

“गरम करते.”

“माझा आणि तुमचा एकत्र करा. आणि मीठ घालून चाखू नका, तुम्हाला सवय आहे.”

बाहेर इगोर अजून बाकावरच होता आणि लारिसा त्याच्या शेजारी, त्याचा हात हातात धरून. स्तेफा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिला त्याला खूप काही बोलायचं होतं, बॉयलरच्या खोलीत तिनं सगळं जुळवलंही होतं. समोर हा सहासष्ट वर्षांचा माणूस होता. किल्ली काढून घेतल्याबद्दल तो एकटाच आठवडाभर परक्या नद्यांच्या काठानं भावाचं नाव विचारत फिरला होता, आणि आल्यावर तिच्या हातात माशाचा डबा ठेवून गप्प बसला होता.

“मासा खारट होता,” ती म्हणाली.

इगोरनं वर पाहिलं. “काय?”

“तेव्हाचा. फारच खारट होता. पातेलं धर, ऊठ.”

तो गुडघ्यांवर बसून रांगत रांगत वर्तुळापर्यंत आला, कारण उभं राहून वाकणं त्याला जमत नव्हतं. त्यानं पातेलं दोन्ही हातांनी धरलं. स्तेफानं आधी आईचं नाव लिहिलं. पारास्का. बीट बर्फाला लागला की क्षणभर पसरतो आणि मग धरतो. तो धरेपर्यंत ब्रश उचलायचा नाही, हे आईनंच तिला शिकवलं होतं. मग तिनं ब्रश बुडवला आणि थांबली.

“मी लिहू?” इगोरनं विचारलं. “तुला नको असेल तर…”

“नाही. त्याला माझं अक्षर माहितीये.”

तिनं लिहिलं. छोटंसं नाव, पण ते लिहायला तिला आईच्या आख्ख्या नावापेक्षा जास्त वेळ लागला. लारिसानं गरम पाण्याच्या पिंपाची घसरगाडी आणली. त्या पिंपाच्या तळाला नळी असते, नळीमागे जुनं टॉवेलचं कापड बांधलेलं असतं, आणि गाडी ओढत नेली की गरम पाणी कापडातून कागदाएवढं पातळ पसरतं. स्तेफा गाडी ओढत दोन्ही नावांवरून गेली. वाफ उठली, अक्षरं थरथरल्यासारखी दिसली, मग शांत झाली. थर धरेपर्यंत सगळे उभे राहिले. पत्र्याच्या फटींमधून उजेड निळा होत गेला. वॉल्टरनं कुणी न सांगता मधला एक दिवा सोडून बाकीचे मालवले आणि टोपी काढून कँटीनच्या दारात येऊन थांबला.

“स्केट्सचं काय करायचं?” लारिसानं दबक्या आवाजात विचारलं.

“मार्चपर्यंत राहू देत,” स्तेफा म्हणाली. “मग मी घरी नेईन.”

ती मोठ्या दारापाशी गेली. याच दारातून तिनं त्याला जाताना पाहिलं होतं. बाहेर रूळ, रुळांपलीकडे तळं, तळ्यावर कुणी नाही. ती वळली आणि आतल्या बाजूला तोंड करून उभी राहिली.

“आई!” तिनं हाक मारली. “घरी चल गं, ताट वाढलंय!”

“आले!” लारिसाचा आवाज तरुण होता आणि स्वच्छ होता, आणि तो तुळयांपर्यंत जाऊन परत आला.

आता दुसरी. हे नाव ती चाळीस वर्षं रोज मनात घेत होती, पण हाक म्हणून मारलं नव्हतं, कारण हाक मारायची तर ऐकणारं कुणी हवं. तिनं दाराची चौकट घट्ट धरली.

“लेव्को!”

पत्र्यानं नाव परत दिलं.

“लेव्को! घरी चल रे! ताट वाढलंय!”

लारिसानं उत्तर द्यायला श्वास घेतला तशी वेरानं तिचा दंड दाबून तिला थांबवलं. वर्तुळाच्या कडेला दिव्याखाली इगोर अजून गुडघ्यांवरच होता, त्याचे हात बिटानं लाल झालेले. त्यानं दोनदा घसा खाकरला. बोलला तेव्हा त्याचा आवाज म्हाताऱ्याचा आला नाही, एखाद्या पोराचा आला. बर्फ खराब करून आलेल्या, घाबरलेल्या पोराचा.

“आलोच, स्तेफा.”

ती त्याच्यापर्यंत चालत गेली. त्याच्या काखेत हात घालून तिनं त्याला उभं केलं, आणि इतक्या वर्षांत कुणालाही न दिलेली पिंपाच्या गाडीची दोरी त्याच्या हातात ठेवली.

“चल,” ती म्हणाली. “पहिला थर धरलाय. दुसरा तू घाल. पातळ घाल.”